तेलाचं बोट

"माझाच कागद काय सवतीचा आहे?" सरकारी कचेरीत अर्ज घेणाऱ्या आवक खिडकीच्या जाळीला टेकून शिवणकामवाली पुटपुटली. सोमवारी लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन. मोफत उपचाराचा दाखला नसेल तर इस्पितळ दारातूनच परत पाठवणार. आज शुक्रवार, आणि अर्ज तीन आठवडे आत पडलेला.

खिडकीमागच्या आवकबाईंनी पुढच्या अर्जावर शिक्का मारला. दुसरं काय करणार?

फाटकाबाहेर मात्र गर्दीला उधाण आलं होतं. तिथे तेलबाबा बसत. पुढ्यात पाकीट ठेवलं की बाबा डोळे मिटून अर्जाच्या कोपऱ्याला तेलाचं बोट लावत. "जा लेका, फुटले कागदाला पाय! अरे, तेलाविना साधं दार करकरतं, सरकारचं दार तर केवढं!" आणि पाय फुटायचेच. दोन दिवसांत सही!

"मशीन विकून आलेय, बाई," शिवणकामवाली म्हणाली. "जाते बाबांकडे."

परवाच आवकबाईंचा जेवणाचा डबा एका सुताराच्या अर्जावर कलंडला होता. बिचाऱ्याने बाबांचं तोंडही पाहिलं नव्हतं, तरी संध्याकाळी कागद सहीनिशी हजर! तेव्हा बाई हसल्या होत्या. आज हसू येईना.

"पैसे पदरात ठेव. नवा अर्ज लिही."

रांगेतले आणखी तीन कोरडे अर्ज त्यांनी घेतले. चारांपैकी दोन अर्जांना, त्यात शिवणकामवालीच्याही, डब्यातल्या भाजीचं तेल लावलं, दोन तसेच ठेवले, आणि गठ्ठा आत पाठवला.

चार वाजता दोनच परतले. दोन्ही तेलकट, दोन्हींवर सही.

ते घेऊन बाई शिवणकामवालीसह फाटकाशी गेल्या, तिचा दाखला तिच्या हाती दिला आणि तेल आपल्या डब्यातलं असल्याचं गर्दीला सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"बाईंच्या डब्यालाही सिद्धी!" कुणीतरी हात जोडले.

"हात खाली घ्या आधी! तेलाने कागद पारदर्शक होतो. कोपरा उजेडात धरला की बाबांचे कागद ओळखू येतात. मोठे बाबू तेवढेच साहेबांपुढे ठेवतात, बाकीचे कपाटात. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरचं तेल लावा नि स्वतः पडताळून बघा."

बाबा एकाएकी सतरंजी गुंडाळू लागले. मोठे बाबू धावत आले, मागोमाग साहेब.

"बाई, बदलीची हौस आलीय का?" बाबू गुरगुरले. मग शिवणकामवालीकडे वळून हळूच म्हणाले, "गप्प राहा, ताई. दाखला तुझा. नाहीतर आत्ता रद्द."

"कसली गडबड आहे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब, श्रद्धेचा विषय," कुणी म्हणालं. "चहापाणी हो," दुसरा म्हणाला. बाकीच्यांनी पाकिटं खिशात सरकवली.

शिवणकामवालीने दाखला एकदा छातीशी धरला. मग साहेबांपुढे केला.

"रद्द करायचा तर करा. पण याला लाच म्हणतात, साहेब. लाच."