मालूताईचा फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. त्याआधी वैशाखरे गावात धाऊच्या गोठ्याचं दार होतो. धाऊची मोठी बहीण मालूताई शहर सोडून कायमची घरी आली, तेव्हा त्यानं मला बिजागरीवरून उतरवलं, जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात खलून माझ्यावर दोन हात दिले आणि माजघरात टांगलं.

मालूताईचा विषय क्वांटम भौतिकशास्त्र. आपल्याकडे त्या वाटेवर पहिली पावलं टाकणाऱ्या मोजक्यांत ती होती. पण घरात तिची तऱ्हा न्यारीच. खडू कानावर अडकवायची आणि तोच घरभर शोधायची. वहीला तर हात लावायची नाही. म्हणायची, "वहीत उतरवलं की मन तिथंच बसकण मारतं." माझ्या डोक्यावर तिनं तेलरंगानं लिहिलं होतं, ‘पुसू नये’. पुसायची ती एकटीच, तेही पदरानं.

एकदा तिनं धाऊला सांगितलं, की एकच कण एका वेळी दोन वाटांनी जातो.

"असा कसा जाईल गो ताई? माझी म्हैस एका वाटंनं जाते, ती पन कुरकुरत."

ताई हसून हसून खाली बसली. ते हसू मला फार आवडलं होतं.

तिचं एक गणित अकरा वर्षं अडलं होतं. यंदा माघात, एका शनिवारी दुपारी ते सुटलं. मी वरपासून खालपर्यंत भरून गेलो. तिनं कल्याणच्या आपल्या विद्यार्थिनीला फोन केला, "दामिनी, सोमवारी ये आणि उतरवून घे."

रविवारी सकाळी मालूताई उठलीच नाही.

गावात कुणी गेलं की चौकातल्या फळ्यावर नाव लिहितात. धाऊला वाटलं, ताईचं नाव तिच्याच फळ्यावर शोभेल. त्यानं मला अंगणात आणलं आणि फडकं ओलं केलं. माझ्या डोक्यावरचे दोन शब्द वाचून तो थांबला.

"आज रागव ना गो ताई," तो रडत म्हणाला. "एकदा तरी रागव."

कुणीच रागावलं नाही. मग त्यानं मला स्वच्छ पुसलं. मला ओरडता आलं असतं तर सारा गाव गोळा केला असता. चौथी शिकलेल्या धाऊनं आपल्या सगळ्यात सुंदर अक्षरात ताईचं नाव लिहिलं आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

सोमवारी दामिनी आली. मला पाहून दारातच थिजली.

"तिथं लिवलेलं काय कामाचं व्हतं का गो पोरी?" धाऊनं घाबरून विचारलं.

दामिनीनं त्यानं जपून काढलेल्या अक्षरांकडे पाहिलं. "नाही काका. नुसती आकडेमोड होती."

मग ती मागच्या अंगणात गेली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली. ते गणित मला कधी कळलंच नव्हतं, मित्रांनो, म्हणून मला आठवतही नाही. याचं दुःख माझ्या लाकडातून जात नाही.

कुणी मागे ठेवलेलं काही आवरायला घ्याल, तेव्हा जरा थांबा. कुणाची वाट बघायची राहिली आहे का, एवढं विचारा. माझा धाऊवर राग नाही. आता तो मला कुणाला हात लावू देत नाही. नातवंडं जवळ आली की माझ्या डोक्यावरचे शब्द दाखवतो आणि म्हणतो, "पुसू नका रे. ताईला चालायचं नाय."