कच्चा टाका

मित्रांनो, नेरूळच्या एका सोसायटीत निखिल नावाच्या वादकाच्या घरी, पोटमाळ्यावर एक काळी पेटी पडून आहे. ती मी. मला सिंथेसायझर म्हणतात. आजच्या कीबोर्डमध्ये आवाज आधीच भरून ठेवलेले असतात. माझं तसं नाही. पट्टी दाबली की माझ्या पोटातली वीज त्याच क्षणी सूर घडवते. म्हणून माझा सूर जिवंत वाटायचा, आणि म्हणूनच तो बिघडायचाही. त्या बिघाडापायी एका बाईवर आळ आला. खरं काय ते मला माहीत होतं, पण मला वाचा नव्हती. आज सांगतो.

माझा जन्म १९९३ साली महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाला. जयप्रकाश साहेबांनी चांगली नोकरी सोडून तो छोटा कारखाना काढला होता. परदेशी वाद्यं इथल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना परवडत नाहीत, तर आपण इथेच बनवू, ही त्यांची जिद्द. साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो.

मला हातांनी घडवलं ते मालतीबाईंनी. त्या घणसोली गावच्या. शेतं नव्या शहरात गेल्यावर त्या कारखान्यात आल्या. डोळ्यांवर जाड चष्मा लावून, तापलेल्या सोल्डरिंग गनने त्या एकेक बारीक भाग जोडत. त्या जोडाला तिथे सगळे टाका म्हणत. मालतीबाईंच्या सासूबाई, बायजाबाई, गावच्या लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, म्हणायच्या, आणि मालतीबाई त्यांना साथ द्यायच्या. त्यामुळे हाताइतकाच त्यांचा कानही तयार होता.

एका दुपारी माझी चाचणी चालली असताना त्या साहेबांना म्हणाल्या, “साहेब, ही पेटी सकाली बराबर वाजते. दुपारी सूर वर जातंय.”

साहेब हसले. “मालतीबाई, तुम्ही टाक्यांकडे बघा. सुरांकडे मी बघतो.”

त्या पुन्हा टाक्यांकडे वळल्या. मी मात्र आतून शहारलो, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं.

निखिलने मला विकत घेतलं, आणि मे महिन्यात तो मला बेलापूरला घेऊन गेला. एका कचेरीतल्या कर्मचाऱ्यांचा दुपारचा कार्यक्रम होता. वर पत्र्याचं छप्पर, खाली माणसांची दाटी. पहिली दोन गाणी छान झाली. तिसऱ्याला माझं पोट तापलं आणि माझा सूर हळूहळू चढू लागला. गाणारी मुलगी एका सुरात, मी दुसऱ्याच. तिने घाबरून निखिलकडे पाहिलं. समोरचे लोक हसायला लागले. मुलगी गाणं अर्धवट टाकून आत गेली. मित्रांनो, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी निखिलने मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं. “काय इज्जत गेली माझी! ही काय वस्तू दिलीत तुम्ही?”

साहेबांनी मला उघडलं. तोवर मी थंड झालो होतो. सगळं ठीकच दिसत होतं. मग त्यांची नजर माझ्या तळाशी गेली. तिथे काम करणारीने पेन्सिलीने आपलं अक्षर लिहायची पद्धत होती. माझ्या तळाशी ‘म’ होता.

साहेब सगळ्या बायकांसमोर मोठ्याने म्हणाले, “कच्चा टाका! मालतीबाई, लक्ष कुठे असतं तुमचं? उद्यापासून येऊ नका.”

मालतीबाई म्हणाल्या, “साहेब, हात माजाच हाय, पन चूक माजी नाय.” मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पट्टीवर बोट पडल्याशिवाय मी हूं की चूं करू शकत नाही.

त्या गेल्यावर गोजराने, त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने, माझे जवळजवळ सगळे टाके पुन्हा लावले. दुपारी सूर पुन्हा चढला. साहेबांनी मला बंद करून पुन्हा उघडलं, पण दोष सापडेना.

आठवड्याने मालतीबाई टेबलावर राहिलेला आपला चष्मा न्यायला आल्या. निखिल मला वाजवून बघत होता. त्या दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, “साहेब, थंड पेटीत काय शोधताव? वाजताना उघडा.”

साहेब काही म्हणायच्या आत निखिलने माझं झाकण काढलं. मालतीबाईंनी चष्मा लावला. “दादा, एकच पट्टी दाबून धरा.” मग माझ्या पोटातल्या, सूर ठरवणाऱ्या दोन इवल्याशा भागांवर त्यांनी अलगद बोट ठेवलं. बोटाच्या उबेने सूर चढू लागला. सगळ्यांना तो ऐकू आला. त्यांनी बोट काढून पुठ्ठ्याने वारा घातला. सूर सावकाश खाली उतरला.

“हितं बाजूला ट्रान्सफॉर्मर बसवलाय,” त्या म्हणाल्या. “त्याची धग या दोगांना लागते. टाक्याचा काय संबंध?”

ती जागा साहेबांनीच ठरवली होती, पेटी लहान व्हावी म्हणून. त्यांचा चेहरा उतरला. “बरं झालं सापडलं,” ते पुटपुटले. “सोमवारपासून या कामावर.”

“येन. पन त्या दिशी सगल्यांसमोर बोललाव, तसं आता सगल्यांसमोर सांगा. टाका कच्चा नव्हता.”

“अहो, आता कशाला ते? झालं गेलं. टेन्शन घेऊ नका.”

मालतीबाईंनी गोजराकडे पाहिलं. गोजराने मान खाली घातली. त्या चष्मा घेऊन निघून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढे गोजराच एकदा निखिलला सांगत होती, आजूबाजूच्या गाळ्यांत त्यांचं नाव झालंय, कच्च्या टाक्याची बाई म्हणून. दोन ठिकाणांहून त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

साहेबांनी ट्रान्सफॉर्मर बाहेर, वेगळ्या डब्यात बसवला. त्यानंतर मी चार वर्षं सुरात वाजलो. टाळ्या घेतल्या, शाबासकी घेतली. प्रत्येक टाळीला मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

मग हलके परदेशी कीबोर्ड आले, आणि १९९७ साली कारखाना बंद करायची वेळ आली. बायका एकेक करून पांगल्या. त्याच दिवसांत एक पट्टी अडकते म्हणून निखिलने मला साहेबांकडे ठेवलं होतं. त्यांनी मला उघडलं. गोजराचं जोडकाम काही ठिकाणी काळवंडलं होतं. तिने हात न लावलेला, एका कोपऱ्यातला मालतीबाईंचा मूळ भाग मात्र तसाच लखलखीत होता. साहेबांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मला स्कूटरवर बांधलं आणि घणसोली गाठली.

मालतीबाई ओटीवर ब्लाऊजना हुक लावत होत्या. बायजाबाई खाटेवर पडल्या होत्या. साहेबांनी मला जमिनीवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “मालतीबाई, चूक माझी होती. तुमचा टाका पक्का होता.”

त्यांनी सुई बाजूला ठेवली. “बसा, साहेब.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “ह्ये तवा बोलायचं व्हतं. हितं आयकनारं कोन हाय? मी नी माजी सासू. आमाला दोगींना तं ठाव व्हतंच.”

साहेब ओटीवर टेकले. दिलेला चहा त्यांनी खाली मान घालून संपवला.

मित्रांनो, जुन्या वाद्यांवरची धूळ पुसा, त्यांना उन्हात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. काही बिघडलं तर आधी नीट तपासा, जवळच्या माणसाचं ऐका, कुणाचं नाव घ्यायची घाई करू नका. आणि घाई झालीच, तर ज्या माणसांसमोर दोष दिलात, त्याच माणसांसमोर तो परत घ्या. ती पांगायच्या आत.