बोटीतली तिसरी खाट

सुकेशनी सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली आणि पुढच्याच रविवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, "मला बोटीतून नॉर्वे बघायचंय."

भारतचा चमचा तोंडापर्यंत जाऊन थांबला. "कुठं?"

"नॉर्वे. बर्फाचे डोंगर, आणि त्यांच्या मधून आत शिरलेला समुद्र. बोट अगदी डोंगराला खेटून जाते म्हणे."

"आपल्या नळाला पाणी कधी येईल त्याचा पत्ता नाय, आन हिला पाण्यावर राहायचंय!"

भारत सूतगिरणीत स्टोअरकीपर होता. शहागंजात मोजे घ्यायला गेला तरी अख्खा बाजार पालथा घालून शेवटी पहिल्याच दुकानात परत यायचा आणि तिथं घासाघीस करायचा. त्याला सरळ 'चला' म्हटलं तर तो येणार नाही, हे सुकेशनी इतक्या वर्षांच्या संसारात शिकली होती. म्हणून तिनं सगळी चौकशी करूनच तोंड उघडलं होतं. बिनखिडकीची खोली घेतली की भाडं बरंच उतरतं. तिकडच्या सुट्ट्यांची गर्दी टाळून मेच्या सुरुवातीला गेलं तर आणखी उतरतं. खाणंपिणं भाड्यातच. बोट एखाद्या गावाला लागली की कंपनीच्या महागड्या सहली घ्यायच्या नाहीत, आपलं आपण पायी हिंडायचं. पासपोर्टही मागं श्रीलंकेच्या धम्मयात्रेसाठी काढलेले घरात पडून होते.

भारतनं सगळं ऐकून घेतलं. खर्चात खोट सापडेना, तेव्हा त्यानं दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. "तुला थंडी सोसणार हाय का? दिवाळी झाली की पंख्याला हात लावू देत नाहीस."

"सोसेल की."

"नुसतं सोसेल म्हणून चालत नाय. चितेगावला सम्यकच्या कंपनीत जाऊ. तिथल्या थंड खोलीत अर्धा तास बसून दाखव. मग बोटीचं बोलू."

सम्यक हा भारतचा भाचा. चितेगावात फ्रोजन मटार आणि मका साठवणाऱ्या कोल्ड स्टोरेजवर तो सुपरवायझर होता. सुकेशनी लगेच 'बरं' म्हणाली. इतकं लगेच, की भारतला संशय यायला हवा होता. पण तो स्वतःच्या हुशारीवरच खूश होता.

तो अंघोळीला गेला तसा तिनं पाचोडला फोन लावला. तिथं तिची नणंद राहायची. कडूबाई, भारतची थोरली बहीण आणि सम्यकची आई. उभं आयुष्य तिनं आठवडी बाजारात भाजी विकली. आता पोरानं हट्टानं घरी बसवल्यामुळं ती कंटाळून गेली होती. धम्मयात्रेसाठी पासपोर्ट तिचाही काढलेला होता.

"अक्का, बोटीत बसून थंडीच्या देशात येता का?"

"कवा निघायचं?" कडूबाईनं विचारलं. बाकी तिनं काहीच विचारलं नाही.

ठरल्या दिवशी चितेगावच्या कंपनीच्या फाटकाशी भारत हाफ स्वेटर घालून उभा राहिला. सुकेशनी आणि 'मीबी बोटीला येणार' म्हणत पाचोडहून आलेली कडूबाई मात्र ओळखू येईनात. आतून थर्मल, वर स्वेटर, त्यावर सम्यकनं दिलेले कंपनीचे जाडजूड कोट, कानटोपी आणि पायात मोज्यांवर मोजे.

"मामा, तुम्हीबी कोट घ्या," सम्यक म्हणाला.

"मला काय करायचाय? परीक्षा हिची हाय."

"मामा, आत मटार दगड होतोय."

"मी काय मटार हाय का?"

सम्यकनं मामीकडं पाहिलं. मामीनं हळूच मान हलवली. तिघं आत गेल्यावर त्यानं बाहेरून दार लावून घेतलं.

आत खोक्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेल्या होत्या. कडूबाई एका खोक्यावर ऐसपैस बसली. कोटातून तिनं भाजलेल्या शेंगा काढल्या, सुकेशनीनं थर्मास काढला, आणि कडूबाईनं पाचोडच्या एका लग्नाची गोष्ट सुरू केली. नवरदेवाची वरात वाट चुकून दुसऱ्याच मांडवात शिरली आणि तिथं जेवून उठली, ती गोष्ट. ती अगदी हळदीपासून सांगायला लागली.

भारत कडेला येरझाऱ्या घालत होता. थोड्या वेळानं त्याच्या मिशीवर पांढरं दिसायला लागलं.

"बस की रं खाली," कडूबाई म्हणाली.

"न्-न्-नको."

"सुकेशनी, हा गाणं म्हणायलाय का गं?"

"चहा घेता का?" सुकेशनीनं विचारलं. भारतनं हात पुढं केला, पण हाताला कप धरता येईना. अक्काच्या गोष्टीत अजून नवरदेव घोड्यावरून उतरलासुद्धा नव्हता. भारत दाराशी गेला आणि दोन्ही मुठींनी ते बडवायला लागला.

"कुणाला यायचंय बाहेर?" सम्यक पलीकडून ओरडला. "मामीला का आईला?"

आतून बारीक आवाज आला, "मला रं!"

दोघी अर्धा तास पुरा करून, शेंगा संपवूनच बाहेर आल्या. तोवर उन्हात उभं राहून दोन कप चहा पोटात गेल्यावर भारतची जीभ सैल झाली. "जा तुम्ही दोघी. मी काय येणार नाय." आपल्याशिवाय ही कुठं जाते, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्याच दिवशी दोघी उस्मानपुऱ्यात ऋतुराजच्या ट्रॅव्हलच्या दुकानात जाऊन बसल्या.

"बिनखिडकीची, तीन खाटांची खोली द्या," सुकेशनी म्हणाली.

"पण माणसं दोनच ना, मॅडम?"

"तिसरं माणूस आपल्या पायानं येईल. वरची खाट त्यांच्यासाठी धरून ठेवा. ते आले की आधी जागा नाही म्हणायचं."

"आणि मग?"

"मग तिसऱ्या माणसाला भाडं कसं कमी पडतं, ते हळूच सांगायचं."

ऋतुराज हसायला लागला. कडूबाईनं त्याला दटावलं, "त्याच्याफुडं हसू नको. तो लई मानी हाय."

घरात लोकरीचे मोजे आणि कानटोप्या जमायला लागल्या. व्हिसासाठी मुंबईला कधी जायचं, ते दोघी त्याच्यासमोर ठरवू लागल्या. भारत पेपरमागं तोंड लपवून बसायचा. सकाळी बागेत फिरताना त्याचा शेजारी अप्पाराव सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी बोटीनं चालल्या म्हणं. तुम्ही काय, कुंड्यांना पाणी घालायला थांबलात व्हय?" सगळा कंपू हसला. भारत त्या दिवशी घरी न जाता थेट उस्मानपुऱ्यात गेला.

"जागा नाही, काका," ऋतुराज म्हणाला.

"बघा की जरा."

ऋतुराज कॉम्प्युटरकडं बराच वेळ बघत राहिला. "एक खाट आहे, पण तुम्ही नका घेऊ. त्या दोघींच्याच खोलीत, वरची. शिडीनं चढावं लागतं. म्हणून तर तिचं भाडंही पहिल्या दोघांपेक्षा लई कमी."

"किती कमी?"

ऋतुराजनं स्क्रीन त्याच्याकडं वळवली. भारतनं चष्मा पुसून परत वाचलं. चेहरा जमेल तितका कोरा ठेवून त्यानं विचारलं, "ह्यात अजून काही कमी होईल का?"

तो घरी आला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. "तुम्हा दोघींना त्यानं लुटलं! मी बघा, खोली तीच, जेवण तेच, आन भाडं तुमच्यापेक्षा किती कमी!"

"अगंबाई!" सुकेशनी म्हणाली. "आम्हाला कसं नाही सुचलं?"

कडूबाई तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

मेच्या सुरुवातीला तिघं बोटीवर होते. पहिल्या रात्री भारत शिडीवरून दोनदा घसरला, पण कुरकुर केली नाही. सकाळी ते डेकवर आले. दोन्ही अंगांना काळे डोंगर, माथ्यावर बर्फ, आणि कड्यांवरून पांढऱ्या दोऱ्यांसारखे धबधबे. पाणी इतकं शांत की डोंगर त्यात उलटे उभे. या खेपेला भारतनं कोट, कानटोपी, हातमोजे सगळं घातलं होतं. तो कठड्याला धरून नुसता बघत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं सुकेशनीचा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला. ती त्याला खेटून उभी राहिली.

तेवढ्यात नागपूरचं एक जोडपं गप्पा मारायला आलं. यांचं भाडं ऐकून ते चाटच पडले. "एवढ्या कमी पैशात कसं जमवलं हो तुम्ही?"

भारतनं सुकेशनीचा हात सोडला आणि घसा साफ केला. "त्याचं असं हाय, सगळा बेत माझा. मेचा महिना काय, बिनखिडकीची खोली काय... ह्या दोघींना ह्यातलं काय कळतंय?"

"ए भारत..." कडूबाई उसळली.

सुकेशनीनं हातातल्या केकचा मोठा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. "खा अक्का. भाड्यातलाच आहे."

कडूबाई डोळे वटारून चावत राहिली. भारत हातवारे करून सांगत राहिला. सुकेशनीनं दोघांकडं पाठ फिरवली आणि कठड्यावर कोपरं टेकून निवांत डोंगर बघायला लागली.