अप्पासाहेबांची रोजनिशी
चौलला लोकल बोर्डाचे अध्यक्ष अप्पासाहेब गुप्ते यांचं तैलचित्र काढायला दादू चितारी आठवडाभर येत होता. एका सकाळी अप्पासाहेब आंघोळीला गेले असताना त्याने मेजावरची त्यांची रोजनिशी उघडली. आपल्याबद्दल काय लिहिलंय, एवढंच त्याला पाहायचं होतं.

‘दादूचा हात सुरेख आहे, पण माझ्या गालावरचे देवीचे व्रण तो चित्रात दाखवत नाही. मला राग येईल म्हणून बिचारा भितो.’

दादूचे कान तापले. अप्पासाहेब परत येऊन खुर्चीत बसले, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, “साहेब, मी तुमची वही वाचली.”

अप्पासाहेबांनी गाल उजेडाकडे वळवला. “मग आता व्रण काढ,” ते म्हणाले.

दादूने व्रण काढले, पण त्यांच्या नजरेला नजर देणं त्याला दिवसभर जमलं नाही.