सफेद्याचा जोड

संप मिटला असं कुणी येऊन सांगितलं नाही. ओली शेणी विझते तसा तो विझला, धूर सोडत. आमच्या घरातले तोवर घरीच बसून होते. लालबागेत त्यांना गुणाजी फिटर म्हणायचे. मिलच्या बॉयलरपासून खात्यांपर्यंत वाफेचे जेवढे पाइप, तेवढ्यांचे जोड यांच्या हातचे. मिल कायमची बंद पडली आणि मालकाच्या माणसाने निरोप धाडला, गेटावर रखवालदार पाहिजे, येतोस का? येतोस का, म्हणे. हाच माणूस पूर्वी यांना अहोजाहो करायचा.

मी म्हटलं, माझा नवरा काठी घेऊन भंगार राखणार नाही. माझा धाकटा भाऊ लवू काळाचौकीला जुन्या मोटरसायकली दुरुस्त करायचा. त्याच्याकडे गेले.

“तुझ्या भावोजींना कामाला घे.”

“बाय, ते वाफेचे फिटर. माझी कामं वेगळी.”

“लोखंड ते लोखंड. आणि ऐक, तुझ्या माणसांसमोर त्यांना शिकवायला जाऊ नकोस. मान ठेवायचा.”

“एक इंजीन करू देत त्यांना,” लवू म्हणाला. “जमलं तर कायमचे राहतील. नाय जमलं तर माझा नाइलाज.”

इंजीन गिरगावच्या एका डॉक्टरांचं. लढाईच्या काळातली विलायती मोटरसायकल, त्यांच्या वडलांची. सगळ्या सांध्यांतून तेल गळायचं. “जिथे उभी करतो तिथे रांगोळी घालते,” डॉक्टर म्हणाले.

मी डबा घेऊन जायची ती बघत बसायची. इंजिनाच्या डोक्याला तांब्याची गॅस्केट होती, म्हणजे सांध्यात घालायची पातळ चकती. यांनी ती आगीवर लाल केली आणि पाण्यात सोडली. तांबं मग नरम पडतं, नीट बसतं. बाजूच्या झाकणाला कागदाची. कागद झाकणावर धरून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक करत गेले, तर करंजी कातावी तसा कागद कातून निघाला. लवूची माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. गॅरेजात मला बसायला स्टूल मिळालं ते त्या दिवसापासून.

मग इंजिनाच्या पोटाचे दोन अर्धे जोडायचे होते. तिथे गॅस्केट नसतेच. धातूवर धातू बसतो, मध्ये चिकट रसायनाचा पातळ हात, साय असते तेवढा. हे मला नंतर कळलं. यांनी पिशवीतून मिलमधला सफेद्याचा डबा काढला. पांढरा, लोण्यासारखा घट्ट. वाफेच्या पाइपांच्या जोडांना तो थापायचा असतो.

“वाफ चोर असते गो,” हे म्हणाले, “तिला फट दिसता कामा नये.” आणि थापला.

बोल्ट आवळले तसा सफेदा बाहेर ओघळला. तो यांनी फडक्याने पुसला. आत ओघळला तो कोण पुसणार?

लवू समोरच चाकाच्या तारा आवळत होता. त्याने बघितलंन, तोंड उघडलंन, मग माझ्याकडे बघून मान खाली घातलीन.

इंजीन चालू झालं. यांनी खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं, ते मला उचलून दाखवलं. “बघ. एक थेंब नाय.” संप लागल्यापासून त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

डॉक्टर गाडी घेऊन निघाले आणि गिरगाव यायच्या आधीच इंजीन जाम झालं. हातगाडीवर घालून परत आणली. उघडलं, तर तेल जायच्या भोकात सफेद्याची गुठळी, वाळून खडू झालेली. तेल बाहेर गळत नव्हतं, पण आत पोचतही नव्हतं. यांनी ती गुठळी नखाने उकरली, हातात धरून पाहिली आणि चपला घालून घरी निघून गेले.

मी लवूला गाठलं. “तू बघत होतास.”

“होतो.”

“मग तोंड कुणी शिवलं होतं?”

“तूच बोललीस, बाय. शिकवायचं नाय.”

“मान ठेव म्हटलं होतं. माणूस बुडताना काठावर उभा राहा म्हटलं नव्हतं.”

“आणि बोललो असतो तर? तू मला पुन्हा दारात उभं केलं असतंस?”

असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मी गेले नव्हते. त्याच्याकडे गणपतीला मी अजून जाते. देवाला हात जोडते, त्याच्या घरचं पाणी घेत नाही.

हे गेटावर उभे राहिले. खाकी टोपी घराच्या खुंटीला लावायची नाही, असं मी बजावलं, तर ती पिशवीत घालून न्यायचे आणि गेटावर पोचल्यावर घालायचे.

मग मिलमधलं भंगार निघायला लागलं. एके दिवशी हे घरी आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले.

“आज बॉयलरचे पाइप तोडायला आले होते. पाना लावलानी, घण मारलानी. शेवटी गॅसने कापायला लागले.” माशाचा काटा त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला. “माझा एकपण जोड सुटला नाय.”

मी आणखी भात वाढला. ते नको म्हणाले नाहीत, पण त्याला हातही लावला नाही.