व्हिडिओचा गट, नोट्सचा गट

व्हिडिओच्या गटाला वीसपैकी सरासरी पंधरा गुण पडले, नोट्सच्या गटाला अकरा. प्राचार्य आप्पासाहेब काकडे यांनी तक्ता एकदाच पाहिला आणि सुताराला फोन लावला.

"सोमवारी या. अभ्यासिकेची मापं घ्यायचीत."

जामखेडजवळच्या या महाविद्यालयात अभ्यासिकेच्या जागी रेकॉर्डिंग स्टुडिओ करायचा आणि छापील नोट्स बंद करून सगळं मोबाईलवर द्यायचं, असं प्राचार्यांच्या मनात होतं. संस्थेपुढे ठेवायला त्यांना पुरावा हवा होता. तो वनस्पतिशास्त्राच्या आराधना साळवे यांनी आणून दिला. अभ्यासिका वाचावी म्हणून चाचणीची कल्पना त्यांनीच मांडली होती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या विषम रोल नंबरांना त्यांनी पेशीविभाजनाचा व्हिडिओ पाठवला, सम नंबरांना तोच मजकूर छापून दिला. आठवडाभर अभ्यास, मग सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. निकाल मनाविरुद्ध गेला, पण चाचणी आपली तर निकालही आपला, असं स्वतःला बजावून त्या सही करायला तयार झाल्या होत्या.

एकच गोष्ट खटकत होती. नोट्सच्या गटातल्या बहुतेकांनी पेशीविभाजनाच्या शेवटच्या अवस्थेचा प्रश्न कोरा सोडला होता. नोट्समध्ये त्या अवस्थेला पूर्ण पान होतं.

सही करण्याआधी त्या वर्गावर गेल्या. आधी व्हिडिओच्या गटाचं कौतुक केलं, मग विचारलं, "व्हिडिओत नेमकं काय आवडलं?"

मागच्या बाकावरचे दोघे फैयाजकडे बघून हसले.

"फैयाज, तुम्ही सांगा."

"चांगला हुता, मॅडम."

"काय चांगलं होतं?"

"मॅडम, खरं सांगू का, ह्यांनी कुनीच बघितला न्हाई. हॉस्टेलवर रेंजच न्हाई. गच्चीवर, टाकीच्या बाजूला उभं ऱ्हायलं तर येती. तिथं एकच जन मावतो."

"मग?"

"मी वरून सांगत गेलो, हे खाली लिहीत गेले. थांबवून थांबवून. ज्यांचं सुटलं त्यांनी झेरॉक्स काढली, गावाकडनं येनाऱ्यांनीबी."

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी नोट्स वाचल्या."

"व्हय. पन आमच्याच गटाच्या व्हिडिओच्या," फैयाज म्हणाला. नियम मोडला नाही, हे त्याला ठसवायचं होतं.

आराधना मॅडमनी खडू टेबलावर ठेवला. नोट्सच्या गटाकडे वळताना त्यांचा आवाज हळू झाला. त्यांचा आवाज हळू झाला की त्या चिडलेल्या असतात, हे वर्गाला ठाऊक होतं.

"आणि तुम्ही? तुम्ही तरी नोट्स वाचल्या ना?"

खर्ड्याहून एसटीनं येणाऱ्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी कैनात उभी राहिली.

"मॅडम, गाडीत वाचलं की मळमळतं. आणि घरी गेल्यावर ह्या म्हणतात, नुसतं वाचून कळत नाही, तूच सांग. म्हणून मी बांगड्यांचा व्हिडिओ केला."

"कसल्या बांगड्या?"

"लाल आणि हिरव्या. गुणसूत्रं म्हणून. जोड्या लावल्या, मधोमध आणल्या, मग दोन बाजूंना ओढल्या. इथं आणून सगळ्यांना दाखवला. अम्मीनं मोबाईल धरला होता. ती सारखी विचारत होती, ह्यातले नवरीकडचे कोण."

वर्ग हसला. मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाला.

"तो व्हिडिओ कुणी कुणी पाहिला?"

नोट्सच्या गटातले जवळजवळ सगळे हात वर आले.

"आणि शेवटची अवस्था?"

"तिथं बॅटरी संपली, मॅडम."

स्टाफरूममध्ये संख्याशास्त्राचे राधाकृष्ण सर डबा खात होते. सगळं ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "अहो मॅडम, मग पेढे वाटा. तक्त्याची वरची दोन नावं बदला फक्त. वाचणारे जिंकले, बघणारे हरले. तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

"फैयाजनं व्हिडिओ पाहिलाय, सर. कैनातनं नोट्स वाचल्यात. बाकीच्यांना ह्या दोघांनी शिकवलंय. मी नेमकं काय मोजलं? गच्ची आणि बांगड्या?"

"हे संस्थेला कळणार आहे का?"

"मला कळलंय ना."

"मग भोगा," राधाकृष्ण सर म्हणाले आणि अर्धी भाकरी मॅडमपुढे सरकवली. मॅडमनी ती खाल्ली नाही.

प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सुतार बाहेर बसला होता. सोमवारची वाट न बघता तो आजच आला होता.

"म्हणजे नोट्स चांगल्या, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही सर. काहीच म्हणता येत नाही, असं म्हणायचंय."

"काहीच म्हणता येत नाही, हे मी संस्थेला सांगू? मॅडम, पोरांना मार्क पडले, तुम्ही तक्ता दिला, विषय संपला."

"त्या तक्त्यावर मी सही करणार नाही."

"अभ्यासिकेसाठी चाललंय हे सगळं."

"अभ्यासिकेसाठी असतं तर वरची नावं बदलून आणली असती."

प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. चाचणी घेणाऱ्याच्या सहीशिवाय प्रस्ताव पुढे जात नव्हता. सुताराला त्यांनी आठवड्यानं यायला सांगितलं आणि मॅडमना म्हणाले, "पुन्हा घ्या. पण ही शेवटची. निकाल येईल तसा येईल, मग अभ्यासिकेचा हॉल माझा की तुमचा ते ठरेल."

दुसऱ्या दिवशी आराधना मॅडमनी वर्गात फळ्यावर तारीख लिहिली. या वेळी नवा धडा असणार होता. व्हिडिओचा गट संगणक कक्षात बसेल, नोट्सचा गट अभ्यासिकेत. मोबाईल बाहेर टेबलावर राहतील. त्या स्वतः दोन्हीकडे फिरतील.

"पुन्हा, मॅडम?" कुणीतरी कण्हल्यासारखं म्हणालं.

"पुन्हा. आणि नीट ऐका. कुणी कुणाला वाचून दाखवायचं नाही, लिहून द्यायचं नाही, समजावून सांगायचं नाही. प्रत्येकानं आपलं आपण."

श्रीमंत पहिल्या बाकावर बसायचा. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे, आणि हॉस्टेलची झेरॉक्स सर्वांत आधी त्यानंच काढली होती. त्यानं हात वर केला.

"मॅडम, मग ज्याला कळणार न्हाई त्यानं काय करायचं?"

"त्यानं तो प्रश्न कोरा सोडायचा."

"सोडू," श्रीमंत म्हणाला. त्यानं ते वहीत लिहूनही घेतलं.

आराधना मॅडमनी त्याच्या वहीतली ती ओळ वाचली. मग फळ्याकडे वळून त्यांनी तारखेखाली वेळ लिहिली.