नऊ चिंचोके

उपग्रहावरून पाऊस मोजणारा उत्तम मोकाशी डोंबिवलीहून खडवलीला माझ्या घरी आला, तो भांडायलाच.

"बाई, एका दिवसात एकशे शहाऐंशी मिलिमीटर? आमच्या हिशेबात तीससुद्धा येत नाही. ढगाचा माथा जितका थंड, तितका पाऊस जास्त. तुमचा ढग थंड नव्हताच!"

मी तीस वर्षं गणित शिकवलंय. शाळेच्या आवारातलं पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला मीच बघते आणि आकडा हवामान खात्याला कळवते. मोजायची काच वीस मिलिमीटरचीच, म्हणून काच भरून ओतली की एक चिंचोका बाजूला काढते. त्या दिवशी नऊ चिंचोके झाले होते, वर सहा मिलिमीटर.

"उद्या या आणि तुम्हीच मोजा," मी सुनावलं.

दुसऱ्या दिवशी तो भिजतच आला. त्याने स्वतः पाणी मोजलं आणि मी चिंचोके मांडले. आठ झाले. त्याने वर पाहिलं. ढग समोरच्या टेकडीला टेकले होते.

"अरे, हे बुटके ढग आहेत!" तो ओरडला. "यांचा माथा थंड होण्याइतका उंच जातच नाही. आमचं गणित चुकलंय, बाई!"

पुढच्या पावसाळ्यात, १९९४ साली, त्याने जगाचा सुधारलेला नकाशा माझ्यापुढे पसरला. आमची डोंगराकडची पट्टी आता जास्त पावसाच्या गडद निळ्या रंगात होती. "जिथे जिथे बुटके ढग, तिथले आकडे बदलले," तो म्हणाला.

मी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि अख्ख्या पृथ्वीवर 'बरोबर'ची खूण केली.